वरंब्यावरचं काळं

माझ्या डाव्या तळपायाला तीळ आहे, मसुराच्या डाळीएवढा, टाचेच्या थोडा पुढे. लग्न होऊन घरात आले तेव्हा सासूने मला पाटावर बसवलं आणि पाय धुवून दोन्ही तळपाय उलटे करून पाहिले. बैल घेताना दात पाहतात तसं आमच्याकडे तेव्हा नव्या सुनेचे पाय पाहत. तीळ दिसल्यावर सासू शेजारणीला म्हणाली, "पायाले तीळ हाय. लक्ष्मी टिकीन घरात."

पाच वर्षांनी धाकटी जाऊ आली. ती वणीकडची, कोळशाच्या खाणींच्या भागातली, मी नेरकडची. तिचेही पाय उलटे केले. काही निघालं नाही. "कोरा पाय हाय," सासू म्हणाली आणि पाय खाली सोडून दिले.

त्या दिवसापासून घरात काही वाईट झालं की तिच्या कोऱ्या पायांवर यायचं. गाय आटली, पाय कोरा. बोंडात अळी पडली, पाय कोरा. पुढे माझा नवरा गेला. तापाने गेला. हे सांगावं लागतं, कारण त्या वर्षांत यवतमाळ जिल्ह्यातला पुरुष गेला म्हटलं की ऐकणारा औषध पिऊन गेला असंच धरून चालतो. तेव्हा मात्र सासू पायाबद्दल बोलली नाही, कारण विधवा झालेली मी होते आणि तीळ माझ्याच पायाला होता. आठ दिवस गप्प राहिली आणि नवव्या दिवशी पुन्हा धाकटीच्या पायाचा विषय काढला.

मी जावेची बाजू घेतली, असं इथे लिहिता आलं असतं. मी घेतली नाही. बोलणी तिला बसत होती, मला नाही.

आमचं गाव केळापूर तालुक्यात, पांढरकवड्यापासून आत. माझी शाळा चौथीपर्यंत. दुसरं शिक्षण हाताचं. गावात बिब्बा घालावा तर मीच. पायात काटा मोडला, काही रुतलं, पिकलं, की बाया माझ्याकडे येत. बिब्ब्याला सुई टोचायची, दिव्यावर धरायचा, काळं तेल सुटलं की जागेवर टेकवायचा. कडेने आधी चुना लावायचा, नाही तर बिब्बा उततो आणि आजूबाजूची कातडी सोलते. माझ्या हातचा सहसा उतत नसे. त्याचा मला ताठा होता.

हंगाम संपला आणि कपाशीची झाडं, पऱ्हाटी, उपटून झाली तरी एखादा खुंट रानात राहतोच. असा एक खुंट धाकटीच्या उजव्या टाचेत घुसला. चप्पल प्लास्टिकची, आरपार गेला. मी काढला आणि बिब्बा घातला. जखम भरली. काळा डाग राहिला. पुढच्या साली ती म्हणाली, "बाई, तिथं खाजून राह्यलं." मी पुन्हा बिब्बा घातला. त्याच्या पुढच्या साली परत. डाग आधी तुरीच्या दाण्याएवढा होता, मग चिंचोक्याएवढा झाला. मी म्हटलं, तीन वेळा बिब्बा घातल्यावर डाग वाढणारच.

एक दिवस ती ओसरीवर पाय धूत होती. टाच माझ्याकडे करून म्हणाली, "पाहा ना बाई. मले बी आला तुमच्यासारका. आता मी बी लक्ष्मी."

"बिब्बा हाय तो. लक्ष्मी कायची."

सासू आतून ऐकत होती. बाहेर आली, वाकून पाहिलं. "कोळशाच्या गावची हाय. काळं निघनच," म्हणाली आणि आत गेली. धाकटी हसली. तिला सासूच्या बोलण्याचं हसू यायचं, मला कधी आलं नाही. ती माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान होती आणि घरात हसणारी ती एकटीच होती.

ती कपाशीची वाईट वर्षं होती. गावात चारचाकी आली की बाया दाराशी येऊन विचारायच्या, कोणाच्या घरी? कधी साहेब यायचे, कधी पेपरवाले, कधी शहरातून कोणी बिस्किटं आणि चादरी घेऊन. सगळे पुरुषांशी बोलत. पुरुष नसला तर त्याच्या फोटोपुढे उभे राहत. आम्ही चहा करत असू.

अशाच एका दिवाळीनंतर शाळेत आरोग्याचं शिबिर लागलं. फवारणीने लोकांच्या हातापायांना चट्टे उठत होते, म्हणून यवतमाळवरून कातडीची डॉक्टरीण आली होती. मला बोटांच्या बेचक्यात खाज होती. वेचणी चालू होती, दोघींना एकदम वावर सोडता येत नव्हतं. मी धाकटीला म्हटलं, "तू वावरात जाय. मी दाखवून येतो."

ती म्हणाली, "मी बी आली असती. टाच दाखवली असती."

"बिब्बा कोणी डॉक्टरले दाखवते का? कापूस पाह्य कसा लोंबून राह्यला."

ती कापसाची ओटी कमरेला बांधून वावरात गेली.

डॉक्टरीण तिशीची असेल. माझे हात पाहिले, मलम दिलं. मग म्हणाली, "मावशी, चप्पल काढा. आज मी सगळ्यांचे पाय बघतेय." मला सासूचा पाट आठवला. मी बाकावर पाय घेतला. तीळ पाहून तिने पिशवीतून एक यंत्र काढलं. टॉर्चच्या तोंडाला भिंग बसवावं तसं, मुठीत मावणारं. तिळावर जेलीचा थेंब टाकला, यंत्र टेकवलं आणि डोळा लावला. बराच वेळ पाहिलं. मग त्याला कॅमेरा जोडून फोटो काढला आणि कॅमेऱ्याच्या काचेवर मला दाखवला.

मी चाट पडले. माझा तळपाय काचेवर नांगरलेल्या वावरासारखा दिसत होता. ओळीने उंच रेघा, ओळीने खोल रेघा, आणि काळं फक्त खोल रेघांत, बारीक दोरे ओढल्यासारखं.

तिने समजावलं. तळपायाच्या कातडीला अशा रेघा असतातच. साध्या तिळाचं काळं खोल रेघेत बसतं. उंच रेघेवर काळं चढलं, तर तो तीळ नसतो. तो कॅन्सर असू शकतो. नुसत्या डोळ्याला दोन्ही सारखेच काळे दिसतात, म्हणून हे यंत्र.

"म्हंजे सरी आन् वरंबा," मी म्हटलं.

तिला ते कळलं नाही. मी मातीवर बोटाने काढून दाखवलं, खोल ती सरी, उंच तो वरंबा. मग ती म्हणाली, "अगदी तसंच मावशी. सरीत काळं असलं तर घाबरायचं नाही. वरंब्यावर दिसलं तर एक दिवससुद्धा थांबायचं नाही. आपल्या लोकांना हा रोग तळपायालाच जास्त होतो, आणि तळपाय कोणी बघत नाही." मग तिने विचारलं, "घरात आणखी कोणाच्या पायाला असं काळं आहे का?"

मी म्हटलं, "नाही."

खोटं बोलायचं म्हणून बोलले नाही. माझ्या डोक्यात धाकटीच्या टाचेवर काळं नव्हतंच. तिथे माझा बिब्बा होता. मी घातलेला, माझ्या हातचा. त्याला मी रोगात कसा धरणार? तेव्हा धाकटी शाळेपासून हाकेच्या अंतरावर कापूस वेचत होती.

संध्याकाळी ती कापसाचं गाठोडं घेऊन आली. मी चुलीपाशी बसून सगळं सांगितलं. सरी, वरंबा, भिंग, कॅमेरा. जरा मिरवूनच सांगितलं, कारण माझा तीळ चांगला निघाला होता.

"आन् माह्या टाचेचं सांगतलं का?" तिने विचारलं.

"काय सांगू? बिब्बा हाय म्हनून?"

"बरं झालं. नाई त तुमचा साधा निघाला आन् माहा मोठा, मंग सासूबाई माह्या पाया पडल्या असत्या."

आम्ही दोघी हसलो. मीसुद्धा हसले, ते आठवतं.

संक्रांतीला ती टाच टेकवेना. चवड्यावर चालायची. मी विचारलं, "काहून लंगडून राह्यली?" म्हणाली, चीर पडली आहे. दीर म्हणाला, "वहिनी, एवढी येचणी होऊन जाऊ द्या, मंग नेतो तिले." दीर वाईट माणूस नाही. त्याला बायकोचा पाय दुखतो एवढंच माहीत होतं, आणि आमच्याकडे बाईचा पाय दुखणं यात सांगण्यासारखं काही नसतं. वेचणी संपायला फाल्गुन आला.

मग एके दिवशी दुपारी अंगणात मी तिचा पाय मांडीवर घेतला. डाग आता रुपयापेक्षा मोठा होता. एका बाजूने फिकट, एका बाजूने काळाभोर, मधे ओलसर, आणि कड सांडलेल्या शाईसारखी पसरलेली. सासऱ्याचं पोथी वाचायचं भिंग घरात पडून होतं. ते आणून उन्हात धरलं. यंत्रातून दिसलं तसं नाही दिसलं. मधे तर रेघाच उरल्या नव्हत्या. पण कडेला, जिथे काळं नुकतं पसरत होतं, तिथे थोडं दिसलं. सरी मोकळ्या होत्या. काळं वरंब्यावर होतं.

जन्मभर मी कपाशी डवरली आहे, डवऱ्याने ओळींतली माती ओढली आहे. सरी कोणती आणि वरंबा कोणता, हे मला कोणी शिकवायला नको.

"काय दिसून राह्यलं?" ती म्हणाली.

"उद्या यवतमाळले जाऊ."

"बिब्बा दाखवाले?"

मी तिचा पाय मांडीवरून हळूच खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने गेलो.

डॉक्टरणीने मला ओळखलं. धाकटीला टेबलावर झोपवलं, जेली लावली, यंत्र टेकवलं. या वेळी तिने फार वेळ पाहिलं नाही. फोटो काढला, पण काच माझ्याकडे वळवली नाही. मग दोन्ही जांघा दाबून पाहिल्या. उजवीकडे थांबली, पुन्हा दाबली.

"हे किती दिवसांपासून आहे?"

"तीन-चार वर्सं झाले," धाकटी म्हणाली. "बाईनं बिब्बा घातलता."

डॉक्टरणीने माझ्याकडे पाहिलं. रागावली असती तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाली, "मावशी, बिब्ब्याचा डाग कातडीवर महिना-दीड महिना राहतो. जुनी कातडी झडते, नवी येते, डाग निघून जातो."

हे मला कळायला पाहिजे होतं. वीस वर्षं मी गावाचे पाय काळे केले होते. त्या बाया पुढच्या मोसमात नव्या काट्याने परत यायच्या, तेव्हा जुना डाग कुठे असायचा? पाहिलंच नाही. धोब्याने कपड्यावर घातलेली बिब्ब्याची खूण कापड फाटेपर्यंत जात नाही, हे पाहिलेलं होतं, आणि मी कातडीला कापड समजून चालले. ज्याच्या हातात कला असते त्याने आपलं काम परत वळून पाहावं. मी नुसता ताठा केला.

तुकडा काढून तपासायला पाठवला. रोगाचं नाव डॉक्टरणीने सांगितलं, मेलानोमा. धाकटी म्हणाली, "नाव त चांगलं हाय."

नागपूरला मोठ्या दवाखान्यात पाय गुडघ्याच्या खालून काढला आणि जांघेतल्या गाठीही काढल्या. त्या डॉक्टरांनी त्यांचं काम केलं. उशीर त्यांच्याकडे झाला नाही, आमच्या घरात झाला. आत नेण्याआधी धाकटी मला म्हणाली, "सासूबाईले सांगजा, तिळाचा पाय नागपूरले ठेवला म्हना. कोरावाला घेऊन येतो."

घरी आणली तेव्हा सासू दारातच होती. तिने आखूड झालेला पाय पाहिला. म्हणाली, "कोरा होता तवाच बरा होता."

त्या दिवशी मी सासूला पहिल्यांदा उत्तर दिलं. "तिच्या पायाले नावं तुमी ठेवले, बिब्बा मी घातला. आता दोघी मिळून तिचं करू." सासू दारातून बाजूला झाली. आणि केलं तिने. सत्तरीच्या पुढची होती, तरी धाकटीची अंघोळ, वेणी तीच करायची. तिला चांगली म्हणत नाही मी. केलं, एवढंच सांगते.

पावसाळ्यात एकदा आम्ही दोघी ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलो होतो. धाकटीने अचानक विचारलं, "बाई, शाळेत त्या डॉक्टरणीनं तुमाले इचारलं नवतं का, घरात आनखी कोनाच्या पायाले हाय म्हनून?"

शिबिरातून आलेल्या शेजारणीकडून तिला कळलं असावं. डॉक्टरीण सगळ्यांनाच विचारत होती.

"इचारलं होतं," मी म्हटलं.

"मंग?"

"मी नाई म्हनलं."

तिने हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. पुढची घेतली. सूप भरलं. मग आठ दिवस बोलली नाही. माझ्या हातचं जेवायची, पण माझ्याकडे पाहायची नाही. पाणी सासूकडे मागायची. नवव्या दिवशी मी बाजूने जात होते, तर म्हणाली, "बाई, पाठ खाजवून द्या." मी खाजवली. तिने मला माफ केलं असं मी धरत नाही. पाठ खाजत होती आणि तिचा हात पोचत नव्हता.

कापूस पुन्हा फुटला तेव्हा रोग छातीत गेला होता. पहिली वेचणी चालू असताना सकाळी गेली. आठ महिनेसुद्धा पुरते झाले नाहीत पाय कापून.

गावात मयत झाली की खबर कुठून कुठे जाते कळत नाही. दुपारच्या आत एक पेपरवाला मोटरसायकलवर आला. दारातल्या गर्दीला त्याने विचारलं, "किती एकर होती?" कोणीतरी सांगितलं, बाई गेली आहे, रोगाने. त्याने वही खिशात ठेवली. उन्हातून आला होता, म्हणून मी पाणी दिलं. पाणी पिऊन गेला.

ती सवाष्ण गेली, नवऱ्याच्या आधी. आमच्यात ते भाग्याचं मानतात. तिला हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला, आणि गावातल्या सवाष्णी तिच्या पाया पडायला रांगेने आल्या. म्हणजे एका पायाच्या. "नशिबाची होती, अहेव गेली," असं एकीने म्हटलं, मग पुढची प्रत्येकजण तेच म्हणू लागली. जिवंत होती तोवर कोऱ्या पायाची होती. आता एकच पाय राहिला, तोही कोराच, तर त्यालाच हळदकुंकू लावत होत्या.

मी विधवा, माझं त्यात काही काम नव्हतं. मी भिंतीला टेकून मागे बसले होते. तिथून मला मयताचं तोंड दिसत नव्हतं. वाकणाऱ्या बायांच्या पाठी दिसत होत्या, आणि गुडघे टेकून वाकल्या की त्यांचे तळपाय वर होत होते. वेचणीचे दिवस. भेगाळलेले, मातीने भरलेले तळपाय, एकामागे एक, माझ्यापासून दोन हातांवर. मी पाहत होते.

पलीकडच्या गल्लीतली एक वाकली. तिच्या डाव्या टाचेला काळं होतं.

मी उठून तिचा घोटा धरला. ती दचकली. "काय करून राह्यल्या बाई?"

"हे काय हाय?"

"बिब्बा हाय ना. काटा मोडलता."

"कोनं घातला?"

"मीच घातला. तुमी त आता घालत नाई."

बाया कुजबुजल्या. कोणी म्हणालं, मोठीच्या डोक्यावर परिणाम झाला. मी तिला म्हटलं, "परवा सकाळच्या गाडीनं माह्यासंगं चाल." तिने नवऱ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, त्याच्याकडे पाहू नको.

यवतमाळला डॉक्टरणीने यंत्र टेकवून डोळा लावला. मी विचारलं, "कुठं हाय?" ती म्हणाली, "वरंब्यावर." मी त्या बाईचा हात धरला. मग तिने एक बारीक पातं घेतलं आणि डाग वरवर हलक्या हाताने खरवडला. काळ्या सालपटाचा भुगा पडला. पुन्हा यंत्र लावलं. खाली कातडी स्वच्छ होती. "बाहेरून लागलेला रंगही वरंब्यावरच बसतो, मावशी. म्हणून खरवडून पाहायचं. हा बिब्बाच आहे. तरी महिन्याने दाखवून जा."

परतीच्या एसटीत ती बाई खिडकीशी बसली होती. पांढरकवडा आला. मग म्हणाली, "रोज बुडाला माहा. आन् निघाला काय, बिब्बा."

"बुडू दे," मी म्हटलं. "महिन्यानं आनखी एक बुडवजो."